आठल्येकाकांचा हिवाळी चेंडू

रत्नागिरीत थंडी पडते असं छातीठोकपणे सांगणारी माणसं दोनच प्रकारची. एक आंबावाले. थंडी नाही तर मोहोर नाही आणि मोहोर नाही तर मे महिन्यात तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून त्यांना थंडी लागते. आणि दुसरे आमचे शेजारी वामनराव आठल्ये. थंडी पडल्याशिवाय त्यांना गोल्फचा हिवाळी चेंडू बाहेर काढता येत नसे.

त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा एक गडगा. नोव्हेंबर संपत आला की सकाळी त्या गडग्यावर आधी एक माकडटोपी उगवायची, मग मफलर, मग काका.

"बाई, आज किती?"

मी हायस्कुलात भूगोल शिकवते. सावर्ड्याहून बदली होऊन इथे आले तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला एक तापमापक मी पडवीच्या खांबाला टांगला. चौकट फुटली होती म्हणून बाद झाला, पारा शाबूत होता. त्या खांबापायी मी काकांच्या गोल्फमध्ये ओढली गेले. फोनवर तापमान दिसतं, हे त्यांना मान्य नव्हतं. "फोन 'जाणवतं अमुक' असं लिहितो. कुणाला जाणवतं? मला विचारलंनीत काय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नियम असा की पारा अठराच्या खाली गेला की हिवाळी चेंडू, अठरा किंवा वर असला की साधा. अठराच का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गोल्फला अठरा होल असतात म्हणून असेल.

"साडेअठरा," मी सांगायची.

"म्हणजे सतरा धरू या. तुमची पडवी उबेला आहे."

"काका, साडेअठरा म्हणजे साडेअठरा. भूगोलात धरू या नसतं."

मग तोंड आंबट करून ते साधा चेंडू खिशात घालायचे. त्यांच्या पाठीमागे परसातून सुमतीकाकूंचा आवाज यायचा, "कसली डोंबलाची थंडी! मी इथे घामाने निथळत्ये आणि ह्यांना काश्मीर आठवतंय." काकूंचं माहेर, सासर, सगळं याच मातीतलं. त्यांच्या मते रत्नागिरीत ऋतू दोन, पाऊस आणि उकाडा. मधे जे काही असतं ते सर्दी.

काका आयुष्यभर अलोऱ्याला होते, कोयनेच्या वसाहतीत, नकाशे काढायच्या खात्यात. तिथून बदलून जाताना कुणी मोठा साहेब गोल्फची पिशवी मागे टाकून गेला. पिशवीत चार दांडे आणि काही चेंडू. विश्रामगृहाची साफसफाई निघाली तेव्हा कुणालाच ती पिशवी नको होती, काकांनी ती घरी आणली. शिकवायला कुणी नव्हतं, बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुकतंय असं सांगायलाही कुणी नव्हतं. अशी विद्या माणसाच्या अंगात फार खोल रुजते.

निवृत्त होऊन ते इथल्या घरी आले, पावस गावाच्या रस्त्याला. घराच्या मागे फाटक आणि फाटकाबाहेर सडा. बाहेरच्या माणसाला म्हणून सांगते, सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत आणि पाणी, उन्हाळ्यात नुसता तवा. माणसाने पाय टाकावा असे दिवस मधले, थंडीचे. म्हणून काकांचा गोल्फ फक्त हिवाळी. कातळात खणता येत नाही, तेव्हा पावसाच्या पाण्याने खाऊन झालेले जे आयते खळगे होते त्यांनाच त्यांनी होल मानलं आणि शेजारी दगडांच्या आधाराने एकेक चिंधी बांधलेली काठी उभी केली. करवंदीचा होल, टिटवीचा होल, म्हशीचा होल. शेवटच्या नावाचं कारण म्हणजे एक म्हैस रोज तिथेच बसायची आणि उठवली तर रागावायची.

असे आठ झाले. नववा मिळेना.

"आठ होलांना गोल्फ म्हणत नाहीत, बाई," ते मला सांगायचे. "निदान नऊ लागतात. आठांचं म्हणजे आपलं विटीदांडू."

नववा कुठे हवा हे त्यांनी नकाशे काढणाऱ्या माणसाच्या नजरेने पहिल्याच वर्षी ठरवून ठेवलं होतं. सड्यावरून फिरून यायचं, फाटकातून आत शिरायचं आणि शेवटचा चेंडू घरच्या अंगणात, तुळशीच्या समोर, होलात घालायचा. हे त्यांनी काकूंना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, कोकम सरबत पीत होते. काकूंनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग पेला खाली ठेवला.

आता काकूंचं अंगण म्हणजे काय हेही सांगायला हवं. दिवाळी झाली की त्या दरवर्षी अंगण नव्याने करायच्या. माती टाकायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपून चोपून ती घट्ट करायची, मग शेणाने सारवायचं. शेजारीपाजारी सगळ्यांनी फरशा बसवल्या, काकूंनी नाही. सारवलेल्या अंगणावर कुणी चपला घालून आलं तर त्या काही बोलत नसत, चपलांकडे बघत राहायच्या. नंतर तो माणूस अनवाणी यायचा.

"दारात खड्डा?" काकू म्हणाल्या. "तुळशीसमोर?"

"होल गो, होल. खड्डा नव्हे."

"खणल्यावर खड्डाच. दारात खड्डा कधी खणतात ठाऊक आहे ना? बोलायला लावू नका सणासुदीचं."

त्या दिवशी काकांनी विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी काकू वैतागल्या आणि पैज लावावी तसं बोलून गेल्या. "रोज खिसा भरून चेंडू घेऊन जाता आणि रिकामे हात हलवत येता. ज्या दिवशी एकच चेंडू घेऊन जाल, आठही खड्डे फिराल आणि तोच चेंडू परत घरी आणाल, त्या दिवशी अंगणात नववा खड्डा मी स्वतःच्या हाताने खणून देईन. तोच हो. दुसरा नाही."

झालं. त्या दिवसापासून काकांचं सारं लक्ष त्या एका गोष्टीवर. किती फटके लागले, कोण जिंकलं, याच्याशी त्यांना देणंघेणं उरलं नाही. जिंकायला दुसरं कुणी खेळतही नव्हतं म्हणा. एकच चेंडू सड्यावरून घरी आणायचा आणि त्यासाठी योग्य चेंडू निवडायचा.

पुण्याचा भाचा चेंडूंचे डबे पाठवायचा. डबा आला की काका पायरीवर बसून एकेक चेंडू हातात घ्यायचे आणि अंगठ्याने दाबून बघायचे. परदेशातल्या कुणा गोऱ्याचा व्हिडिओ त्यांनी फोनवर पाहिला होता. तो गोरा बर्फात उभा राहून सांगत होता की थंडीत चेंडू कडक होतो, उडत नाही, म्हणून हिवाळ्यात नरम जातीचा चेंडू घ्यावा आणि तो उबेत ठेवावा. मागे काकू म्हणत होत्या, "अहो, त्याच्या दाढीवर बर्फ आहे, बघा तरी." पण काकांना दाढी दिसली नाही. त्यांना फक्त चेंडू दिसला. नरम कुठला आणि कडक कुठला हे कसं कळायचं? रत्नागिरीच्या माणसाला एकच रीत ठाऊक. ते चेंडू देठापाशी दाबायचे. चेंडूला देठ नसतो, तरी ते कुठेतरी देठ मानून तिथेच दाबायचे, आणि कधी कधी हुंगायचेही.

"हा झालाय," ते म्हणायचे. "हा अजून दोन दिवस घेईल."

उबेत ठेवायचं म्हणजे काय, तर त्यांनी चेंडूंची अढी घातली. खरं सांगते. माळ्यावर भाताचा पेंढा पसरला, त्यावर ओळीने चेंडू मांडले, वरून पुन्हा पेंढा आणि गोणपाट. हापूस पिकवतात तसं. महिना डिसेंबर.

याच्यातून जो घोळ झाला तो रत्नागिरीतच होऊ शकतो. पावसचे सुर्वे म्हणून एक बागायतदार काकांचे जुने स्नेही. ते कशाला तरी आले, काकूंनी चहा ठेवला, आणि काकांशी बोलत बोलत त्यांच्यामागून माळ्यावर चढलेल्या सुर्व्यांना अढी दिसली. डिसेंबरात अढी बघून त्यांनी चहा अर्धा टाकला. वर्षाची पहिली पेटी कुणाची निघते यावर आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, इतकं ते नाजूक असतं.

"आठल्ये, खरं सांगा. कुठल्या बागेतला?"

"भाच्याने पाठवलेत."

"पुण्याच्या भाच्याने? पुण्याहून इथे?" सुर्वे जिन्यावरच बसले. "आणि अढीत किती दिवस झाले?"

"आठवडा होईल. काही नरम आलेत. थंडी फार आहे ना, वेळ लागतो."

काका अगदी खरं बोलत होते. सुर्वे घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत पावसपासून पार बाजारापर्यंत बातमी की आठल्यांकडे हापूस पिकला. दुसऱ्या दिवशी एक दलाल मोटारसायकलवरून आला. काकू त्याला म्हणाल्या, "या, वरच आहेत, बघून घ्या." ही बाई एवढ्या शांतपणे कसं म्हणाली, देव जाणे. दलालाने गोणपाट उचललं, पेंढा बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिला. खाली आला, हात जोडले आणि कुणाशी काही न बोलता निघून गेला. सुर्वे त्यानंतर महिनाभर आले नाहीत. आले ते एकच वाक्य बोलले, "आठल्ये, तुमच्यापायी मी फवारणी एक आठवडा आधी केली."

इतकं करून चेंडू परत येत नव्हता ते नव्हताच. पांढरा नेला तर कावळा. आमच्याकडचे कावळे पांढरं गोल दिसलं की अंडं समजतात. काका फटका मारायचे, मान वर करायचे, आणि चेंडू चोचीत धरून कावळा माडांकडे चाललेला दिसायचा. जाताना तो ओरडूही शकायचा नाही, तोंडात ऐवज असायचा. मग एकदा नारळ पाडायला आलेला सोनू माडाच्या शेंड्यातून ओरडला, "काका, हितं कावल्याची अंडी नायत वो, तुमचं चेंडू हायत." नारळांबरोबर चेंडूही खाली पडले. काकूंनी नारळ वेगळे केले आणि चेंडू पायाने बाजूला सारले.

पिवळा नेला तर डिसेंबरातलं सड्यावरचं गवतही पिवळं. तांबडा नेला तर कातळाची माती तांबडी. हिरवा नेला तर करवंदीच्या जाळीत. प्रत्येक रंगाला सड्याने एकेक वैरी नेमून ठेवला होता. आणि चेंडू हरवला की काकांचं कारण ठरलेलं.

"थंडीमुळे."

फटका वाकडा गेला, थंडीमुळे. चेंडू भेगेत गेला, थंडीने आखडला. मीठ सांडलं तरी थंडीने बोटं काम करत नाहीत. काकू कपाळाला हात लावायच्या. मी पडवीतून ओरडायची, "वीस आहे, काका." ते माझ्याकडे, म्हणजे शास्त्राकडे, दुखावलेल्या नजरेने बघायचे आणि मफलर घट्ट करायचे.

असे हिवाळे गेले. मग एका वर्षी चेंडू जरा जास्तच हरवायला लागले. काका माझ्याकडे तोंड करून बोलायचे, पण मी एक पाऊल बाजूला सरले तर मी सरले हे त्यांना कळायचं नाही. म्हशीच्या होलापाशी ते एकदा म्हशीवरच जाऊन आदळले. म्हशीने नवल केलं नाही, पण मी केलं.

काकूंनी मला गडग्याशी बोलावलं. हातात वाळवणाचं सूप होतं, त्यातले पापड त्या उगाच उलटे करत होत्या.

"शुभा, काचबिंदू निघाला गो. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाला, आहे ते राखायचं, गेलं ते गेलं."

"काकांना ठाऊक आहे?"

"माझ्या आधीपासून ठाऊक होतं. मला म्हणत होते थंडीने डोळ्यांना पाणी येतं." मग त्यांनी एक पापड पुन्हा सुलटा केला. "मला काही कळत नाही त्या खेळातलं. पण हे वर्ष गेलं तर तो मेला खड्डा राहील त्यांचा."

काकूंची पैज आता काकूंनाच टोचत होती. तसाच खड्डा खणून द्यावा तर काका तो घेणार नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दयेचा होल काकांना चालला नसता.

चार दिवसांनी परसात तारेवर एक गोल्फचा चेंडू लटकत होता, सुतळीत गुंडाळलेला, गडद निळा. काकूंनी खिडक्यांना लावलेला ऑइलपेंट उरला होता, त्यात बुडवून वाळत घातला होता. मी विचारलं तर मलाच दटावलं.

"सड्यावर या दिवसांत निळं काय असतं, सांग. भूगोल शिकवतेस ना? ती निळी बारकी फुलं दिवाळीआधीच सुकतात. राहिलं आभाळ. ते काय खाली पडत नाही."

काकांना चेंडू दाखवला तेव्हा त्यांनी तो देठापाशी दाबला, हुंगला, रंगाच्या वासाने शिंकले. "कडक आहे," ते म्हणाले. "पण दिसतोय गो. अगदी स्वच्छ दिसतोय." इतकी वर्षं हिवाळी चेंडू म्हणजे नरम चेंडू असं ज्यांनी आम्हाला सांगितलं, त्या माणसाने त्या दिवशी नरम-कडकपणा सोडून दिला. मला तेव्हा कुठे कळलं की नजर किती गेली आहे ते.

रविवार होता. पारा सतरावर होता. मी तो दोनदा पाहिला, कारण काकांना खोटं सांगणार नव्हते आणि खरं इतकं सोयीचं निघेल असं वाटलं नव्हतं. काकूंनी डोक्याला पंचा गुंडाळला, पाण्याची कळशी घेतली आणि म्हणाल्या, "मी येत्ये. कुठे धडपडलात तर उचलायला माणूस नको?" त्या सड्यावर खेळ बघायला कधी आल्या नव्हत्या. काकांनी मफलर नीट केला. बायको परीक्षा बघायला आली की नवऱ्याचं होतं तसं त्यांचं झालं.

करवंदीचा होल झाला. टिटवीचा झाला. काका मारायचे, काकू चेंडूवर डोळा ठेवून सांगायच्या, "डावीकडे. अजून. पायाशी बघा, पायाशी." म्हशीच्या होलापाशी एक कावळा उतरला. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. कावळ्याने चेंडू चोचीने फिरवून बघितला, मान वाकडी करून पुन्हा बघितला, आणि असलं अंडं कुठल्या पाखराचं असतं ते न कळल्यामुळे उडून गेला. काकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आठवा होल झाला आणि फाटकाकडे यायच्या शेवटच्या फटक्याला चेंडू कातळाच्या भेगेत गेला.

"गेला?" काकांनी विचारलं.

भेग हातभर खोल आणि आमच्याकडे अशा भेगांत फुरसं असतं. फुरसं म्हणजे वीतभर साप, पण चावला तर माणूस घरी येत नाही. काका म्हणाले, "राहू दे. थंडीमुळे..." पहिल्यांदाच ते वाक्य त्यांनी अर्धं सोडलं.

काकूंनी माझ्या हातातली काठी घेतली, भेगेत दोनचार वेळा आपटली, थोडा वेळ ऐकलं. मग पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काकू हात झटकत होत्या आणि चेंडू कातळावर होता. "मारा," त्या म्हणाल्या, "आणि सरळ मारा."

त्यांनी सरळ मारला. चेंडू फाटकातून आत घरंगळला आणि अंगणाच्या कडेला थांबला.

आणि तिथे काकूंनी चेंडू उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "हा तो नव्हे."

खरंच, इतके फटके आणि कातळ खाऊन वरचा निळा रंग पार उडाला होता. हातात होता तो पांढरा चेंडू.

"गेला तो निळा होता. आला तो पांढरा. माझी अट तोच चेंडू अशी होती."

स्वतःच्या हाताने भेगेतून काढलेला चेंडू, आणि ही बाई असं म्हणते! मी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी मला डोळ्याने गप्प केलं. त्या हसत होत्या. पण ते हसू काकांना दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हात पुढे केला, चेंडू घेतला आणि अंगठ्याने दाबून नव्हे, हलकेच फिरवून बघितला. गोल्फच्या चेंडूवर बारीक बारीक खळ्या असतात, त्यांतून त्यांचं नख फिरत गेलं.

"बाई," ते मला म्हणाले, "खळ्यांत बघा काय आहे ते."

मी चेंडू डोळ्यांजवळ धरला. वरचा रंग गेला होता, पण एकूण एक खळीत निळा रंग तसाच बसला होता.

"निळा आहे," मी म्हणाले. "प्रत्येक खळीत."

"मग हा तोच."

"मी कुठे नाही म्हणत्ये?" काकू म्हणाल्या, आणि घरात जाऊन खुरपं घेऊन आल्या. म्हणजे खुरपं दाराशीच ठेवलेलं होतं, आम्ही निघण्याच्या आधीपासून.

चोपून चोपून दगड झालेलं ते अंगण काकूंनी स्वतः खणलं. तुळशीच्या समोर, काका म्हणाले तिथेच. आत नारळाची करवंटी बसवली, कडेने पुन्हा शेणाने सारवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तुळशीपुढे रांगोळी काढताना त्या होलाभोवतीही पांढऱ्या रांगोळीचं एक कडं काढायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, काकांना दिसावं म्हणून ना?" तर म्हणाल्या, "दारातला खड्डा उघडाबोडका ठेवू नये गो." आणि रांगोळीचं कडं जरा जाड केलं.

पावसाळ्यात तो होल भरून जायचा. दिवाळी झाली की नवं अंगण आणि नवा खड्डा, दोन्ही काकूच करायच्या.

काका एका पावसाळ्यात गेले. ते कसे गेले हे मला लिहायचं नाही. मला ते दिसतात ते त्याआधीच्या जानेवारीतले. सड्यावर जाणं तोवर सुटलं होतं, रांगोळीचं जाड कडंही दिसेनासं झालं होतं. संध्याकाळी मी शाळेतून आले आणि गडग्याशी थांबले. काका अंगणात माकडटोपी घालून, दांडा धरून उभे. काकू अनवाणी होलाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि स्टीलच्या चमच्याने करवंटीच्या कडेवर टकटक वाजवत होत्या. काका कान देऊन ऐकायचे, दांडा नीट धरायचे आणि त्या आवाजाच्या रोखाने चेंडू ढकलायचे.

चेंडू वाकडा गेला आणि तुळशीवृंदावनाला जाऊन लागला. मी वाट बघत होते, काका आता म्हणतील म्हणून. पण आधी काकूच म्हणाल्या.

"थंडी आहे हो आज."

त्या हिवाळ्यात थंडी पडलीच नव्हती. सुर्वे मोहोरासाठी देव पाण्यात घालून बसले होते. मी सकाळी बघितलं तेव्हा तापमापकावर बावीस होतं आणि आता माझी पाठ घामाने ओली होती. गडग्यापाशी कुणीतरी उभं आहे हे काकांना चाहुलीवरून कळलं.

"बाई, आज किती?"

काकूंचा चमचा थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं.

"सतरा, काका," मी म्हणाले. "सकाळी तर सोळा होतं."

"तरीच," काका म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, काकूंनी चेंडू आणून त्यावर ठेवला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला, तोंडाजवळ नेऊन त्यावर ऊब फुंकली आणि खिशात घालून उभे राहिले. चेंडू गरम होईपर्यंत आम्ही तिघंही थांबलो. मग काकूंनी पुन्हा चमचा वाजवला.